ब्रिस्टलचा बस-बहिष्कार

मंडळी, आपल्या एस.टी.ची पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली ती १ जून १९४८ या दिवशी. त्याच महिन्याच्या २२ तारखेला तिकडे इंग्लंडात, लंडनजवळच्या टिलबरी बंदरात, 'एम्पायर विंडरश' नावाच्या आगबोटीतून वेस्ट इंडीज बेटांवरची शेकडो माणसे उतरली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही; काळ ध्यानात यावा एवढ्यासाठी सांगितलं. आजची हकीगत मात्र त्या बोटीतून आणि तिच्या मागोमाग आलेल्या बोटींतून उतरलेल्या माणसांची आहे, आणि ती घडली बसगाड्यांवरून. कंडक्टरच्या गळ्यातल्या पैशांच्या पिशवीवरून म्हणा ना! ती पिशवी काळ्या माणसाच्या गळ्यात असावी की नसावी, या प्रश्नावरून ब्रिस्टल नावाच्या मोठ्या इंग्रजी शहरात १९६३ साली चार महिने वाद पेटला होता.

वेस्ट इंडीज म्हटले की आपल्या मुलांना क्रिकेट आठवते. ठीकच आहे, या हकीगतीत क्रिकेटही पुढे येणार आहे. पण गुरुजींनी वर्गातला नकाशा उलगडावा आणि दोन अमेरिकांच्या मधल्या समुद्रात जमेका, बार्बाडोस, त्रिनिदाद ही बेटे मुलांना दाखवावीत. तिथली बहुतेक काळी प्रजा मूळची तिथली नव्हे. उसाच्या मळ्यांत राबवण्यासाठी आफ्रिकेतून पकडून, बोटीच्या पोटात साखळदंडांनी जखडून नेलेल्या माणसांचे ते वंशज. या व्यापारात ज्या इंग्रजी बंदरांनी अमाप पैसा केला, त्यांत ब्रिस्टल अग्रेसर होते. लंडनच्या पश्चिमेला, एव्हन नदीच्या काठी हे गाव. शंभरएक वर्षांत ब्रिस्टलच्या जहाजांनी सुमारे ५ लाख माणसे आफ्रिकेतून समुद्रापार नेली. साखर आणि तंबाखू यांच्या नफ्यावर तिथले वाडे उभे राहिले, धर्मादाय शाळाही उभ्या राहिल्या.

गुलामगिरी बंद करणाऱ्या कायद्याला इंग्लंडच्या राजाची संमती मिळाली २८ ऑगस्ट १८३३ रोजी. तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. त्यानंतर महिन्याभरातच, २७ सप्टेंबरला, आपले राजा राममोहन रॉय या ब्रिस्टलजवळच वारले. त्यांची समाधी आजही तिथे आहे. पुढे गुलाम सुटले आणि मळेवाल्यांना मजूर हवे झाले, तेव्हा आपल्या देशातली माणसे करार करून गियानात, त्रिनिदादला नेली. वेस्ट इंडीजच्या संघातले रोहन कन्हाय नि जो सॉलोमन हे त्याच भारतीय वंशातले. म्हणजे हे बेटांचे प्रकरण आपल्यापासून वाटते तितके दूर नाही.

आता १९४८ कडे परत येऊ. महायुद्धाने इंग्लंडची घरे-कारखाने मोडली होती, आणि कामाला हात कमी होते. त्याच वर्षी नागरिकत्वाचा नवा कायदा झाला. वसाहतीतला माणूस आणि खुद्द इंग्लंडातला माणूस, दोघेही एकाच राज्याचे नागरिक, असे त्यात मानले गेले. जमेकाच्या शाळेत लहानपणापासून इंग्लंडचा इतिहास शिकलेला, युद्धात ब्रिटिश विमानदळात नोकरी केलेला जवान बोटीत बसला तो पाहुणा म्हणून नव्हे. आपण आपल्याच देशाच्या राजधानीकडे चाललो आहोत, अशी त्याची समजूत होती. इस्पितळांना परिचारिका हव्या होत्या, गाड्यांना माणसे हवी होती. लंडनच्या वाहतूक खात्याने तर १९५६ पासून बार्बाडोस बेटावर जाऊन भरती सुरू केली, बोटीच्या भाड्याला उसने पैसे दिले. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण लंडनच्या लाल बसमध्ये काळा कंडक्टर तिकिटे फाडत होता त्याच काळात ब्रिस्टलच्या बसचे दार त्याला बंद होते. अंतर म्हणाल तर दोन्ही शहरांत दोनशे किलोमीटरसुद्धा नाही.

साठ सालच्या सुमारास ब्रिस्टलमध्ये वेस्ट इंडियन वस्ती होती तीन हजारांच्या आसपास. शहराची एकूण वस्ती चार लाखांच्या वर. तेव्हा पिठात मीठ म्हणा. बहुतेक जण सेंट पॉल्स नावाच्या जुन्या, पडक्या पेठेत राहत, कारण इतरत्र जागा मिळत नसे. भाड्याने खोली देणाऱ्या घरांच्या खिडकीत पाटी असे, की काळ्यांनी विचारू नये. अशी पाटी लावणे त्या वेळी गुन्हा नव्हता, आणि काळा म्हणून नोकरी नाकारणे हाही गुन्हा नव्हता. फेनर ब्रॉकवे नावाचे एक खासदार, जन्माने कलकत्त्याचे, १९५६ पासून भेदभाव-बंदीचे विधेयक पुन्हा पुन्हा पार्लमेंटात मांडत होते आणि दर वेळी ते बारगळत होते.

त्यातल्या त्यात बसगाड्यांचे प्रकरण अधिक चीड आणणारे होते, कारण 'ब्रिस्टल ऑम्निबस कंपनी' ही काही एखाद्या शेठजींची खाजगी कंपनी राहिली नव्हती. १९५० पासून ती सरकारी मालकीची होती. म्हणजे तिचा मालक म्हणजे जनता, आणि त्या जनतेत कर भरणारा काळा माणूसही आला. तो बसचे तिकीट काढीत होता. वर्कशॉपमध्ये त्याला काम मिळे, कॅन्टीनमध्ये मिळे. पण तिथे पगार कमी. गाडीवर, म्हणजे ड्रायव्हर किंवा कंडक्टर म्हणून, त्याला घेत नसत. यालाच तिकडे 'कलर बार' म्हणत. रंगाची आडकाठी म्हणा.

ही आडकाठी कुठल्या नियमावलीत छापलेली नव्हती, आणि या साऱ्या प्रकरणाची खरी गोम इथेच आहे. कंपनीला विचारले तर कंपनी युनियनकडे बोट दाखवी: आमचे काही म्हणणे नाही हो, पण आमचे गोरे कामगार नोकरी सोडून जातील. युनियनला विचारले तर उत्तर येई, भरती करणे कंपनीच्या हाती, आम्ही कोण? दोघेही हात झटकून मोकळे. दारावर कडी आहे हे तर दिसते, पण ती कोणी घातली विचारले की घरात कोणीच नाही! आपल्या गावांतही अशी न लिहिलेली बंदी असते, आणि ती मोडायला लिहिलेल्या बंदीपेक्षा जड जाते, हे तुम्हांला मी सांगायला नको.

वस्तुस्थिती अशी होती की १९५५ साली ब्रिस्टलच्या बस कामगारांच्या शाखेने ठराव करून टाकला होता: काळ्या माणसांना गाडीवर घेऊ नये. ही शाखा होती 'ट्रान्सपोर्ट अँड जनरल वर्कर्स युनियन' या इंग्लंडातल्या फार मोठ्या कामगार संघटनेची. गंमत पाहा, हीच संघटना दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषाचा जाहीर निषेध करीत होती. १९६१ साली तिथल्या एका स्थानिक वृत्तपत्राने हे प्रकरण उजेडात आणले. पण वृत्तपत्रात आले म्हणून फरक काही पडला नाही.

इथे मला त्या गोऱ्या कंडक्टर-ड्रायव्हरांविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्यांना नुसते दुष्ट म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण त्याने काही उलगडत नाही. त्यांचा मूळ पगार तुटपुंजा होता. संसार चाले तो ओव्हरटाइमवर. माणसे कमी, म्हणून जादा तास मिळत. जादा तास मिळत, म्हणून घरात चार पैसे येत. नवी माणसे भरली की ओव्हरटाइम बुडाला, हा त्यांचा हिशेब होता, आणि हिशेब म्हणून तो चूक नव्हता. पण मग भरतीच नको, असे तरी म्हणायचे! गोरा उमेदवार आला तर त्याला ओव्हरटाइमचे कारण कोणी सांगत नसे. पगार वाढवून मागण्याचे भांडण कंपनीशी करायचे, ते अवघड. काळ्या माणसाला पायरीवर चढू न देणे सोपे. आणि ही गोष्ट एकट्या ब्रिस्टलची नव्हे. १९५५ मध्येच वेस्ट ब्रॉमविच गावी एका हिंदी माणसाला शिकाऊ कंडक्टर म्हणून घेतले, तर तिथल्या बसवाल्यांनी संप केला.

सेंट पॉल्समध्ये राहणाऱ्या वेस्ट इंडियन मंडळींची एक जुनी संस्था होती, पण तिचे काम मवाळ, अर्ज-विनंत्यांचे. चार जणांना ते पटेना. रॉय हॅकेट, ओवेन हेन्री, ऑडली इव्हान्स आणि प्रिन्स ब्राऊन. चौघेही कष्टकरी. त्यांनी 'वेस्ट इंडियन डेव्हलपमेंट कौन्सिल' नावाची नवी मंडळी जमवली. यांतल्या हॅकेटच्या बायकोने आदल्याच वर्षी कंडक्टरच्या जागेसाठी अर्ज केला होता. पात्रता सगळी होती, तरी नकार आला. म्हणजे हे दुखणे त्याच्या घरातलेच होते. पण चौघांना एक बोलका माणूस हवा होता. वृत्तपत्रवाल्यांशी, साहेबांशी, त्यांच्याच भाषेत आणि त्यांच्याच थाटात बोलू शकेल असा.

तो मिळाला पॉल स्टीफन्सन. जन्म इंग्लंडातलाच, १९३७ चा. बाप पश्चिम आफ्रिकेतला, आई इंग्लंडची. विमानदळात नोकरी करून आलेला, शिकलेला, आणि १९६२ पासून ब्रिस्टलमध्ये तरुणांसाठी नेमलेला अधिकारी. या पदावर नेमलेला शहरातला हा पहिलाच काळा माणूस. वय पंचविशीचे. याने ओळखले, की इथे सभा घेऊन, निषेध करून काही व्हायचे नाही. आधी ती कडी कोणाच्या हातची आहे ते चारचौघांत दाखवून दिले पाहिजे.

त्याने केले ते असे. गाय बेली नावाचा अठरा वर्षांचा जमेकन मुलगा त्याच्या रात्रवर्गाला येत असे. दिवसा गुदामात काम, शिवाय चर्चच्या मुलांच्या पथकात हुद्देदार. वागणे नीटनेटके, बोट ठेवायला जागा नाही असा. स्टीफन्सनने कंपनीला टेलिफोन केला: जागा आहे का? आहे. उमेदवार असा असा आहे, चालेल का? चालेल, पाठवा. मुलाखतीची वेळ ठरली. मग उमेदवार वेस्ट इंडियन आहे हे कळले मात्र, मुलाखत रद्द! तासाभरापूर्वी असलेली जागा आता नव्हती. नोकरीची लायकी जोखली गेली होती, मान्य झाली होती, आणि रंग कळल्यावर परत घेतली गेली होती. अशी चीज हाती आल्यावर मग कोणी म्हणू शकत नव्हते, की अहो, पण पात्र उमेदवारच येत नाहीत.

२९ एप्रिल १९६३ रोजी या मंडळींनी वृत्तपत्रवाल्यांना बोलावले आणि जाहीर केले, की उद्यापासून आम्ही ब्रिस्टलच्या बसमध्ये पाय ठेवणार नाही.

ही युक्ती कुठून सुचली, तेही सांगतो. अमेरिकेत, आलाबामा प्रांतातल्या माँटगोमेरी शहरी, १९५५ च्या डिसेंबरात रोझा पार्क्स या बाईने बसमधली आपली जागा गोऱ्या उतारूला द्यायचे नाकारले आणि तिला अटक झाली. तिथल्या काळ्या लोकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला. त्यांचे पुढारी होते मार्टिन लूथर किंग. त्यांनी ही पद्धत गांधीजींकडून घेतली हे त्यांनीच सांगितले आहे; १९५९ साली ते आपल्या देशात आले, मुंबईला मणिभवनातही राहून गेले. तेव्हा साबरमतीचे पाणी माँटगोमेरीमार्गे ब्रिस्टलला पोचले, असे म्हणायला हरकत नाही. एक फरक मात्र होता. माँटगोमेरीत बसचे बहुसंख्य उतारू काळे होते, त्यामुळे कंपनीची तिजोरी खणखणायची थांबली. ब्रिस्टलमध्ये तीन हजार माणसे चालत गेली तर कंपनीच्या गल्ल्यात कितीशी घट येणार? पैशाने कंपनीला वाकवणे शक्य नव्हते. तिला लाज वाटायला लावायचे, एवढेच हातात होते.

आणि ते साधले! जनरल मॅनेजर इयान पेटी यांना आता उडवाउडवी करता येईना. त्यांनी उघड कबूल केले, की होय, आम्ही काळ्यांना गाडीवर घेत नाही. आणि समर्थन केले ते असे, की दुसऱ्या शहरांत त्यांना घेतल्यावर या नोकरीची प्रत उतरली आणि गोरी माणसे सोडून गेली. इतके दिवस जे कोणी म्हणत नव्हते ते साहेबांच्या तोंडून देशभर छापून आले. १ मे रोजी विद्यापीठाचे विद्यार्थी मोर्चा घेऊन बसस्थानकावर आणि युनियनच्या कचेरीवर गेले. गाडीवरच्या लोकांनी त्यांची टर उडवली. रॉय हॅकेट आणि त्याचे सोबती फिशपाँड्स रस्त्यावर गाड्यांपुढे बसले. कामाला निघालेल्या, पोरांना शाळेत पोचवायला निघालेल्या गोऱ्या बायका चौकशी करीत आणि काही त्यांच्यातच येऊन उभ्या राहत. टोनी बेन हे ब्रिस्टलचे मजूर पक्षाचे पुढारी. त्यांनी जाहीर केले, की सायकल शोधावी लागली तरी बेहत्तर, मी बसमध्ये चढणार नाही. त्यांनी पक्षाचे नेते हॅरॉल्ड विल्सन यांना गळ घातली आणि विल्सननी लंडनच्या एका सभेत या बंदीचा निषेध केला.

पण सगळ्यांत वजनदार माणूस उभा राहिला तो क्रिकेटमधला. सर लिअरी कॉन्स्टंटाइन. यांचे नाव जुन्या क्रिकेटवेड्यांना सांगायला नको. चेंडू टाकण्यात, फटका मारण्यात आणि विशेषतः झेल घेण्यात त्यांचा हात धरणारा त्या काळी विरळा. ते आता त्रिनिदादचे लंडनमधले हायकमिशनर होते. भेदाचा चटका त्यांना स्वतःला बसलेला होता: १९४३ साली लंडनच्या इंपीरियल हॉटेलने ठरलेली खोली त्यांना नाकारली, तेव्हा त्यांनी हॉटेलवर फिर्याद केली आणि पुढच्या वर्षी ती जिंकली. नुकसानभरपाई मिळाली पाच गिनी. रक्कम क्षुल्लक, पण निकाल गाजला. असा माणूस गप्प कसा बसेल? त्यांनी बस कंपनीला पत्र धाडले, वृत्तपत्रांशी स्पष्ट बोलले, ब्रिस्टलच्या नगरपतींना भेटले, युनियनचे सरचिटणीस फ्रँक कझिन्स यांना भेटले, आणि कंपनीवरच्या सरकारी मंडळालाही त्यांनी हलवले.

योगायोग असा, की त्याच मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फ्रँक वॉरेल यांचा वेस्ट इंडीज संघ ब्रिस्टलच्याच मैदानावर खेळत होता. लोकांनी संघाकडे पाठिंबा मागितला. संघाने दिला नाही. खेळात राजकारण नको, असे उत्तर आले. मला स्वतःला हे वाचून वाईट वाटले. हेच ते वॉरेल, ज्यांनी आदल्या वर्षी बार्बाडोसला आपला कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर डोक्याला चेंडू लागून मरणाच्या दारी पडला असता सर्वांत आधी रक्त दिले. माणूस मोठा, त्यात शंका नाही. पण परक्या मुलखात पाहुणे म्हणून आलेल्या संघावर दडपण किती असेल, याचाही विचार केला पाहिजे. कॉन्स्टंटाइन यांनी तोंड उघडले त्याची किंमत त्यांनी मोजलीच. राजदूताने यजमान देशाच्या घरगुती भांडणात पडावे हे त्यांच्या सरकारला रुचले नाही, आणि पुढच्या वर्षी ते त्या जागेवर राहिले नाहीत.

विरोध करणारे सगळेच काही आरडाओरडा करणारे नव्हते. चर्चच्या मंडळींनी वर्णभेदाबद्दल खेद व्यक्त केला खरा, पण बहिष्कार पुकारणाऱ्यांनाही बोल लावला: शांतपणे बोलणी करून सुटले असते, उगाच तेढ वाढवली. युनियनच्या एका विभागीय चिटणिसाने वृत्तपत्रातून स्टीफन्सनवर अशी टीका केली, की त्याने अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि डिसेंबरात तो जिंकला. 'शांतपणे बोलणी करा' हा सल्ला ऐकायला मोठा शहाणपणाचा वाटतो. पण शांतपणे बोलायला १९५५ पासून आठ वर्षे मिळाली होती, आणि त्या आठ वर्षांत एकही काळा माणूस गाडीच्या पायरीवर चढला नव्हता.

मे गेला, जून-जुलै गेले. बोलणी कंपनी आणि युनियन यांच्यात चालली होती, आणि आश्चर्य असे, की ज्यांच्यासाठी ती चालली होती त्यांना बैठकीत खुर्ची नव्हती. अखेर २७ ऑगस्टला बस कामगारांची मोठी सभा भरली. पाचशे कामगार जमले होते. त्यांनी बंदी उठवायला मान्यता दिली. आणि दुसऱ्या दिवशी, २८ ऑगस्ट १९६३ रोजी, इयान पेटी यांनी जाहीर केले, की यापुढे ड्रायव्हर-कंडक्टरांच्या भरतीत रंग पाहिला जाणार नाही. मघाची तारीख आठवा. गुलामगिरी बंदीच्या कायद्याला बरोबर १३० वर्षे त्या दिवशी झाली होती. आणि त्याच दिवशी अटलांटिकच्या पलीकडे, वॉशिंग्टन शहरी, अडीच लाख लोकांपुढे मार्टिन लूथर किंग यांनी आपल्या स्वप्नाविषयीचे ते जगप्रसिद्ध भाषण केले. कोणी ठरवून जुळवलेले नव्हते हे. पंचांगात असे दिवस कधीकधी येतात.

मग पहिला माणूस कोण चढला गाडीवर? १७ सप्टेंबरला ब्रिस्टलच्या बसमध्ये जो पहिला गौरेतर कंडक्टर उभा राहिला तो जमेकन नव्हता. त्याचे नाव रघबीर सिंग; आपला शीख. त्यानंतर थोड्याच दिवसांत दोन जमेकन आणि दोन पाकिस्तानी रुजू झाले. झगडा उभारला वेस्ट इंडियनांनी, आणि दरवाजा उघडल्यावर त्यातून आत गेला पंजाबी! यात कोणी कोणाचा घास हिरावला असे नव्हे. रंगाची आडकाठी घालणाऱ्यांनी जमेकन, पंजाबी असा भेद केलाच नव्हता, त्यामुळे ती निघाली तेव्हा सर्वांसाठीच निघाली. पण आपल्या इकडे या प्रकरणाची फारशी माहिती नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. गाय बेली त्या पहिल्या तुकडीत नव्हता.

ब्रिस्टलमध्ये एक दार उघडले म्हणून सगळी उघडली असे मुळीच नाही. १९६४ साली स्टीफन्सन एका मद्यगृहात गेला. तिथे त्याला देणार नाही म्हणून सांगितले, तर तो जागचा हलेना. पोलिसांनी पकडून नेले, खटला झाला, तो सुटला. पुन्हा देशभर बोभाटा. त्याच वर्षी विल्सन पंतप्रधान झाले आणि १९६५ मध्ये वर्णभेदाविरुद्धचा पहिला कायदा इंग्लंडात झाला. पण गंमत ही, की त्यात हॉटेले आली, मद्यगृहे आली, नोकरी आणि घर मात्र आले नाही! म्हणजे गाय बेलीला ज्या कारणाने परत पाठवले ते कारण पहिल्या कायद्याच्या बाहेरच राहिले. ते आत यायला १९६८ उजाडावे लागले. वुल्व्हरहॅम्प्टन शहरी तर शीख बसवाल्यांना दाढी आणि पगडी ठेवू देण्यावरून १९६७ ते १९६९ अशी दोन वर्षे तंटा चालला. आणि खुद्द सेंट पॉल्समध्ये १९८० च्या एप्रिलमध्ये पोलिसांचा छापा पडला, त्यावरून मोठी दंगल झाली. रॉय हॅकेट मात्र त्याच पेठेत राहिला. १९६८ साली तिथे मोठी जत्रा सुरू झाली, ती सुरू करणाऱ्यांत तो एक. कॅरिबियन गाणे, नाच, सोंगे यांची ही जत्रा पुढे साऱ्या शहराची झाली.

स्टीफन्सन, बेली आणि हॅकेट या तिघांना पुढे सरकारी सन्मान मिळाला. त्या पदकाच्या नावात अजून 'ब्रिटिश एम्पायर' हे शब्द आहेत, ही एक मौजच. २०१३ साली, बहिष्काराला पन्नास वर्षे होत आली तेव्हा, त्या कामगार संघटनेची आजची वारस असलेल्या 'युनाइट' संघटनेने त्या वेळच्या वागणुकीबद्दल माफी मागितली. २०२० च्या जूनमध्ये ब्रिस्टलच्या लोकांनी गुलामांच्या व्यापारात गबर झालेल्या एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा पाडला आणि ओढत नेऊन बंदरातल्या पाण्यात लोटला, ते तुम्ही वृत्तपत्रांत वाचले असेल. हॅकेट २०२२ मध्ये वारला, वय ९३. स्टीफन्सन २०२४ च्या नोव्हेंबरात. ज्या बसस्थानकावर विद्यार्थ्यांची टर उडवली गेली होती, तिथे बहिष्काराची हकीगत सांगणारा एक फलक २०१४ सालापासून लावलेला आहे. गाडी लागेपर्यंत उतारू तो वाचतात.